शेवटच्या रसाचं बूच

जांभळं दिसली की लोकांना आपली निळी झालेली जीभ आठवते. मला बूच आठवतं.

परवा आमच्या देऊळगाव राजाच्या स्टँडवर उतरलो, तर बाहेरच्या भिंतीशी बायका पाट्या मांडून बसलेल्या. पळसाच्या पानांवर जांभळांचे वाटे, वरून पाणी मारलेलं. प्रत्येक जांभूळ आत्ताच अंघोळ करून लग्नाला निघाल्यासारखं चकचकीत. एकीने हाक मारली, "घ्या ना मास्तर, गोड हायेत." मी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि भर रस्त्यात इतका लांब सुस्कारा सोडला की ती बिचारी दचकून म्हणाली, "किडकं निघालं काय?"

किडकं नव्हतं. तो सुटकेचा सुस्कारा होता. दर आषाढात पहिल्या जांभळाबरोबर तो आपोआप बाहेर पडतो. एखाद्याला पहिल्या आंब्याबरोबर उन्हाळी सुट्टी आठवावी, तसा मला पहिल्या जांभळाबरोबर एक जुना घोर आठवतो, आणि तो टळला हेही लगेच आठवतं. खोटं कशाला बोलू, असं सुख वर्षातून एकदा मिळतं म्हणून मी जांभळांची वाट पाहतो.

मी मास्तर नाही. हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळतो आणि गॅदरिंगला नाटक बसवतो. त्यामुळे शाळेत मला 'लॅबवाले' म्हणतात आणि गावात मास्तर. दोन्हीला मी ओ देतो.

माझी थोरली बहीण सुमनताई देऊळघाटला दिलेली. भाऊजी सोसायटीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर वांगी, मेथी, सांबार करायला लागले. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे मी पुण्याच्या पाहुण्यांना दरवेळी सांगतो आणि दरवेळी त्यांच्या ताटात इडली शोधणारी नजर पाहून खूश होतो. तर ताईचं घर गावात शिरायच्या रस्त्याला. घरासमोर ओटा, आणि ओट्यावर सावली धरून उभं असलेलं जांभळाचं झाड. ताई त्या ओट्यावर बसायची. गाडीतून उतरणाऱ्याला आधी जांभळाची सावली लागायची आणि मग ताईचा टोमणा.

ताईची जीभ हा आमच्या घराण्याचा दागिना. ती शिव्या देत नाही, आवाज चढवत नाही. नुसतं बघते आणि एक वाक्य टाकते. नवा शर्ट घालून जाणाऱ्याला म्हणायची, "काऊन रे, घडी मोडायले बायको नाई भेटली काय?" मी नाटकात पहिलं बक्षीस घेऊन तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं ढाल हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "यात वरण वाढता येईन?" लोक तिच्या ओट्यावरून मुद्दाम जायचे. टोमणा नाही मिळाला तर त्यांना वाटायचं, आज आपलं काहीतरी बिनसलंय.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि झाड रस्त्यात आलं.

भाऊजींनी एवढंच केलं, की मोजणीवाल्यांना चहा पाजून पाजून तोडणी फळ उतरेपर्यंत लांबवली. आदल्या दिवशी सगळं झाड झोडून घेतलं. सकाळी यंत्राची करवत लागली. मी मुद्दाम गेलो होतो. ताई ओट्यावर नव्हती. आत स्वयंपाकघरात पाठमोरी बसून जांभळं निवडत होती. बाहेर करवत ओरडत होती आणि आत ताई एकेक फळ पुसून पाटीत टाकत होती. दुपारपर्यंत तिनं गल्लीभर जांभळं वाटली. तरी पाट्या उरल्याच. जांभूळ हे फार उतावळं फळ. आज खा, नाहीतर उद्या मी गेलो, असा त्याचा स्वभाव.

"आता हे फेकायचं," भाऊजी हळूच म्हणाले.

"फेकायचं नाई," ताई म्हणाली.

आणि तिथे माझ्यातला नट उठून उभा राहिला. मी म्हणालो, "मी याची वाईन करतो."

भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात कोंबडी सोडली. "म्हंजे दारू?"

"वाईन, भाऊजी. फळाचा रस मुरवायचा."

"मुरवायचा म्हंजे दारूच ना बे."

"खोकल्याला तुम्ही द्राक्षासव घेता की नाही दर हिवाळ्यात? ते काय असतं?"

"ते आसव असते. वैद्यानं देल्लं."

"मग हे जांभूळासव. लॅबवाल्यानं दिलं समजा."

आसव या शब्दाने त्यांच्या मनातल्या सगळ्या देवांची समजूत पटली. मी ताईकडे पाहिलं. वाटलं, आता एक सणसणीत टोमणा येणार. तिनं पाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "ने, बाळू. वाया नको घालवू."

तेवढंच. टोमणा आला नाही, याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

जांभळाच्या बिया काढणं हा छंद नाही, ती शिक्षा आहे. मी आणि बायको वैशाली, दोघांचे हात कोपरापर्यंत जांभळे. ती शेजारी हळदीकुंकवाला गेली तर बायकांना वाटलं, हिनं नव्या फॅशनची मेंदी काढली. गर कुस्करला, साखर घातली, यीस्ट घातलं, मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात भरलं. डब्याला नळी लावून तिचं टोक पाण्यात सोडलं, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल पण बाहेरची आत येणार नाही. डबा ठेवायला जागा एकच, देवघराच्या पलीकडचा कोनाडा. काही दिवसांत तो बोलू लागला. गुळुक. थोडं थांबून पुन्हा गुळुक. वैशाली म्हणाली, "पूजेला बसलं की मागून कोणीतरी जेवून ढेकर देतंय असं वाटतं. देवालाही वाटत असेल, आपल्या आधी याला नैवेद्य कोणी दाखवला?"

मी त्या आवाजावर भलताच खूश होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला कान लावून ऐकवत होतो. तेवढ्यात भाऊजींचा फोन आला.

"मास्तर, तुमची ताई मले काहीच बोलून नाई राह्यली."

"भांडण झालं?"

"भांडण झालं असतं तर फोन कायले केला असता? काल भाजीत मीठ मी टाकलं, दोनदा. खाल्ली तिनं. गुपचूप. अशी भाजी मी माह्या दुश्मनाले नाई देणार, आन् ती म्हणे, चांगली हाये."

मी हसलो नाही. हे गंभीर होतं. भाऊजी सांगत राहिले. ताई ओट्यावर बसत नाही, कारण ओट्यावर आता ऊन असतं. पहाटे उठते, कामं करते, विचारलं तर उत्तर देते. पण कोणाला काही म्हणत नाही. गावातली माणसं समोरून नवे शर्ट घालून जातात आणि तशीच जातात. ताई रडली असती तर आम्हाला उपाय माहीत होता. न बोलणाऱ्या ताईचं काय करायचं, हे आमच्यात कोणालाच येत नव्हतं.

फोन ठेवला आणि मागून डबा म्हणाला, गुळुक. त्या दिवशी ताईनं मला पाटीबरोबर एकच वाक्य दिलं होतं, आणि ते आता माझ्या गळ्यात पडलं होतं. त्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं ते माझ्या कोनाड्यात ढेकर देत होतं. त्याचा आंबून सिरका झाला असता तर मी ताईसमोर कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो?

लोकांना वाटतं वाईन करणं अवघड. छे. करते ती स्वतःच. आपण फक्त मध्ये लुडबुड करायची नाही. अवघड असतं ते तिला बंद करणं. थंडी पडली, डब्याचं बोलणं थांबलं, गाळ खाली बसला आणि वरचा रस देवळातल्या लाल काचेसारखा नितळ दिसू लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आता हे कशात तरी भरायचं आणि त्याच्या तोंडाला काहीतरी लावायचं.

आपल्या घरांना बंद करणं फार चांगलं येतं, असा माझा समज होता. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, तो कसा बांधायचा हे वैशालीला झोपेतही येतं. पापडाच्या डब्याला घट्ट झाकण, तुपाला सैल, पिठाला वजन ठेवलेलं ताट. पण लोणच्याला थोडा श्वास लागतो, म्हणून कापड. वाईनला श्वास दिला की ती आंबली. आणि पुरती कोंडली, आणि आत कुठे थोडी साखर जागी राहिली असली, तर बाटली फुटली. तिला असं बूच पाहिजे, की जे घट्ट आहे हे तिला कळलं पाहिजे आणि जाचही होता कामा नये. असा जावई शोधताना लोकांच्या चपला झिजतात, मी बूच शोधत होतो.

बाटल्या भंगारवाल्या रफिकभाईंकडून आणल्या. बुचाच्या तोंडाच्याही आणि आट्याच्या झाकणाच्याही. कशाच्या होत्या ते तुम्हाला कळलंच आहे. रफिकभाई गोणी बांधताना मोठ्याने म्हणाले, "मास्तर, इतनी सारी? घर में सब खैरियत?" मी चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शाळेत प्रयोगाला पाहिजेत." कोणाचाही विश्वास बसला नाही. बाटल्या धुऊन अंगणात वाळत घातल्या तर शेजारचे गुरुजी भिंतीवरून बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ताण फार घेऊ नका." मी प्रत्येक बाटलीवर 'फिनेल' अशी चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर आमच्या घरच्या स्वच्छतेबद्दल गल्लीत वेगळीच कुजबुज सुरू झाली.

पहिला प्रयोग प्रयोगशाळेतल्या रबरी बुचाचा. एका छोट्या बाटलीत भरून आठवडाभर ठेवलं. उघडलं तर रसाला माझ्या नोकरीचा वास, म्हणजे गंधक, गॅसची नळी आणि तोंडी परीक्षेची भीती. ते रद्द. मग थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. ती देवघरातल्या समईशेजारी ऊब मिळून अशी फुगली, की बूड गोल होऊन उभीच राहीना, भोवऱ्यासारखी लवंडायला लागली. पण तिचे उपकार आहेत. तिच्यामुळे कळलं, की रस दमलेला नाही, थंडीमुळे नुसता झोपलाय. डबा उबेला ठेवून त्याला पुन्हा बोलायला लावलं, आणि त्याचं सगळं बोलून होईपर्यंत थांबलो.

मग खरी बुचं मागवली, नाशिकहून. झाडाच्या सालीची, हलकी, मऊ. पाहून जीव हरखला. वैशाली म्हणाली, "कुठून कुठून आलीत, उकळून घेते." लोणच्याच्या बरण्या ती उकळत्या पाण्याने धुते, तशी बुचं कुकरमध्ये घातली. तीन शिट्ट्या. बाहेर आली ती भिजलेल्या पावासारखी. बाटलीच्या तोंडाशी धरून मी लाटण्याने ठोकायला लागलो. एकाचा भुगा झाला. दुसरं जाईना, जाईना, आणि एकदम गेलं. सगळंच्या सगळं आत. बाटलीत निवांत तरंगायला लागलं. मी लाटणं हातात घेऊन त्याच्याकडे पाहतोय आणि ते माझ्याकडे पाहतंय. वैशाली म्हणाली, "आता यालाच विचारा, कसं वाटतंय."

अशा अवस्थेत मार्गशीर्षात ताई आणि भाऊजी आमच्या गावच्या बालाजीच्या दर्शनाला आले. ताई आली, बसली, पाणी प्यायली. अंगणात फिनेलच्या बाटल्यांची फौज उभी होती. एरवी तिला वर्षभर पुरला असता एवढा ऐवज. तिनं पाहिलं आणि काही म्हणाली नाही.

भाऊजींनी पिशवीतून पंचा काढला आणि उलगडला. आत लाकडी बुचं होती. जांभळाच्या लाकडाची. तोडणीच्या दिवशी त्यांनी एक फांदी गुपचूप बाजूला ठेवली होती, आणि पोळपाट-लाटणी करणाऱ्या सुताराकडून ती कातून, घासून, तेल लावून आणली होती. वर छोटी गोल बोंडं. इतकी देखणी बुचं मी कुठल्या चित्रातही पाहिली नव्हती.

"झाडाचाच रस, झाडाचंच बूच," भाऊजी म्हणाले. बोलत माझ्याशी होते, बघत ताईकडे होते.

ताईनं एक उचललं. तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळत बसली. ती त्याच्यात पार गुंतून गेली होती, आणि मला माहीत होतं, हे चालणार नाही.

"लाकूड आहे, भाऊजी. सडेल."

"सडन? आमच्या विहिरीच्या तळाले जांभळाची चौकट हाये, बाबानं घातलेली. अजून तशीच हाये. लोक टाकीत जांभळाचा तुकडा टाकतात, पाणी चांगलं राह्यते म्हणून. जे पाण्यात सडत नाई ते आसवात काऊन सडन?"

"बरं, सडणार नाही. पण दबणारही नाही. बूच दबून आत गेलं पाहिजे आणि आत जाऊन काचेला धरलं पाहिजे. हे कडक आहे."

"मंग धागा गुंडाळू."

धागा गुंडाळला. एका बाटलीत नुसतं पाणी भरलं, बूच ठोकलं, घमेल्यात वर्तमानपत्र अंथरून त्यावर बाटली उलटी उभी केली आणि सगळे बालाजीला गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे लाकूड फुगावं असं मागणं मागितलं. परत आल्यावर सगळ्यांच्या आधी घाईने घरात शिरलो. कागद भिजला होता. फार नाही, वाटीएवढं ओलं वर्तुळ. मी घमेलं पायाने दाराआड सरकवलं आणि चेहऱ्यावर नाटकातलं निरागस हसू आणलं. मला वाटलं, आज रात्री यांना असंच जाऊ द्यावं. बुचं यांची, झाड यांचं. गळालं तर गळालं.

ताईनं मला बाजूला केलं, वाकली आणि घमेलं बाहेर ओढलं. त्या ओल्या वर्तुळावरून बोट फिरवलं. भाऊजी पंच्याची घडी घालायला लागले.

मग ती उठली. कोपऱ्यात एका डब्यात रफिकभाईंच्या बाटल्यांची मूळ झाकणं पडली होती, लाल-सोनेरी पत्र्याची, आट्याची. ती लावायची म्हणजे बाटली कशाची हे आंधळ्यालाही कळलं असतं, म्हणून मी ती फेकायला काढली होती. ताईनं एक घेतलं, आतली चकती नखानं तपासली.

"हे घट्ट बसते?"

"बसतं. पण ताई, हे..."

"गळत नाई ना?"

"नाही."

"मंग हेच लाव." ती भाऊजींकडे वळली. "झाड गेलं. रस राहू द्या."

भाऊजींनी मान हलवली. बुचं पुन्हा पंच्यात बांधली. पुढे देऊळघाटातल्या ओळखीच्या प्रत्येक घराच्या पाण्याच्या टाकीत त्यांनी एकेक बूच टाकलं, बोंडासकट. तिथे ती बरोबर कामाला लागली. आजही कोणाच्या गच्चीवर टाकीचं झाकण उघडलं तर आत ताईचं झाड तरंगताना दिसतं.

पत्र्याची झाकणं वैशालीनं सोड्याच्या पाण्यात धुतली, यावेळी कुकरशिवाय. आम्ही भरत होतो आणि ताई एकेक झाकण पिळून घट्ट करत होती. आमच्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात रस उकळला असता, म्हणून बाटल्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून देऊळघाटला गेल्या आणि ताईच्या गव्हाच्या कोठीत पुरल्या. गव्हात गारवा असतो, अंधार असतो, कोणी हलवत नाही. भाऊजींना मात्र एक नवीन काळजी लागली. "एखादी फुटली तर वर्षभर जांभळ्या पोळ्या खा लागतीन, मास्तर." होळी झाली, ऊन तापलं, आणि त्यांचे फोन सुरू झाले. ताईच्या तब्येतीचं विचारलं की म्हणायचे, "आहे तशीच." मग जरा थांबून, "पोळ्या अजून पांढऱ्याच हायेत." तो सबंध उन्हाळा मी त्या पांढऱ्या पोळ्यांच्या बातमीवर काढला.

आणि आषाढ आला. झाडाशिवायचा पहिला. दुसऱ्यांची जांभळं बाजारात आली, तसा मी वैशालीला घेऊन देऊळघाटला गेलो. रस्ता छान रुंद झालेला. इतका रुंद, की एसटी ताईच्या घरासमोर थांबायचंच विसरून पुढे जाऊन थांबली.

दुपारची वेळ. भाऊजींनी कोठीत हात घालून एक बाटली वर काढली. काचेला गव्हाचे दाणे चिकटलेले. सगळे स्वयंपाकघरात बसलो. मी झाकण पिळलं. कड् असा आवाज आला. बाटली फुसफुसली नाही, काही उडालं नाही. नाकाशी नेली, पण भीतीने मला वासच येईना. लोकांसमोर पाठ केलेली भाषणं मी न अडखळता म्हणतो, पण तेव्हा वाटीत ओतताना नेम चुकला आणि दोन थेंब फरशीवर पडले.

ताईनं स्टीलची वाटी उचलली. वास घेतला. एक घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. डोळे मिटले नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. आम्ही तिघं तिच्या गळ्याकडे बघत होतो, घोट खाली जातो की नाही म्हणून. तो गेला. मग तिनं जीभ टाळूला लावली, जशी जांभूळ खाल्ल्यावर आपण लावतो.

"तुरट हाये," ती म्हणाली. "घशापाशी तुरट. तेच हाये."

माझ्या छातीतून जे काही निघालं त्याला सुस्कारा हा शब्द फार लहान पडतो. भाऊजी मागे सरकून भिंतीला टेकून बसले. ताईनं आणखी एक घोट घेतला. मग फरशीवरच्या थेंबांकडे पाहिलं.

"दोन थेंब सांडले बाळूनं," ती म्हणाली. "नाटकात तलवार धरते ना हा? समोरचा कसा वाचते मंग?"

कोणी हललं नाही. हललो तर ती थांबेल असं वाटलं. ती वैशालीकडे वळली. "आन् तू, इतक्या लांबच्या बुचायले कुकरात शिजवलं म्हणे. वरण केलं असतं, वाढलं असतं पावण्यायले." मग वाटी तिनं भाऊजींपुढे धरली, ज्यांनी जन्मात द्राक्षासवापलीकडे काही घेतलं नव्हतं. "घ्या. तुमच्या बुचाच्या भरवशावर राह्यलो असतो तर कोठीतल्या गव्हानंच पेलं असतं सगळं."

भाऊजींनी वाटी घेतली, एका दमात रिकामी केली, तोंड वाकडं केलं आणि मिशी पुसली. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, आसव कडक आहे. मग त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली आणि ताईला म्हणाले, "आखीन बोल."